ऐतिहासिक कादंबरीला वेगळं कपाट कशाला?

पुण्यात कोणी विचारलं, हल्ली काय वाचतेयस, आणि आपण म्हटलं की पेशवाईवरची एक कादंबरी, की समोरचा माणूस लगेच सावरून बसतो, "अरे वा" म्हणतो आणि त्याच्या आजोबांनी शनिवारवाड्याबद्दल काय काय सांगितलं होतं ते सुरू होतं. तेच आपण फॅन्टसी म्हटलं तर "म्हणजे ते हॅरी पॉटर वगैरे का, माझी भाची वाचते", विषय संपला. आणि रोमान्स म्हटलं तर कोणी काही बोलतच नाही, नुसतं हसतात, मग आपणच घाईघाईने सांगतो की अहो टाइमपास म्हणून, झोपायच्या आधी दहा पानं.

मी तिन्ही वाचते, हावरटासारखी वाचते, आणि मला ही जी वर-खाली बसवणूक आहे ना ती मुळातच खोटी वाटते. माझं म्हणणं एवढंच आहे की ऐतिहासिक कादंबरी ही फॅन्टसी आणि रोमान्सचीच सख्खी बहीण आहे. आपण तिला उचलून इतिहासाच्या कपाटात ठेवलंय, त्यामुळे बाकीच्या दोघींना मान मिळत नाही हे तर झालंच, पण खरं नुकसान तिचं स्वतःचं झालंय, कारण तिला कादंबरीसारखं कोणी तपासत नाही आणि वेळ आली की इतिहासासारखं झोडपतात मात्र.

अगदी पहिल्यापासून बघा. मराठीत कादंबरी म्हणून जे छापायला लागलं त्यात १८६१ ची 'मुक्तामाला' आहे, १८६८ ची 'मंजुघोषा' आहे. सुंदर नायिका, कारस्थानी दुष्ट लोक, ताटातूट, अशक्य योगायोग आणि शेवटी सगळं गोड. म्हणजे चक्क रोमान्स आणि अद्भुत. मग १८७१ मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' येते जिला पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात, तिच्यात मागे शिवकाळ आहे आणि पुढे घडणारी गोष्ट बरीचशी कल्पनेतली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी इथे पुण्यात बसून 'करमणूक'मधून 'उषःकाल' हप्त्याहप्त्याने दिली, आणि साप्ताहिकात हप्ता द्यायचा म्हणजे शेवटी वाचकाला लटकवून ठेवायला लागणारच, आजच्या वेब सिरीजला लागतं तसंच. या घराण्यात पहिल्यापासून प्रेम, साहस, गुप्त दरवाजे आणि वेषांतरं आहेत आणि त्यात कमीपणा काहीही नाही, पण ते घराणं कोणतं हे तरी मान्य करा.

आता लोकांना काय लक्षात राहतं बघा. 'स्वामी' १९६२ ची, १९६४ मध्ये साहित्य अकादमी मिळालं, आमच्या आधीच्या पिढीने ती पाठ केल्यासारखी वाचली. त्यातलं काय आठवतं म्हणून कोथरूडमधल्या कुठल्याही काकूंना विचारा, राक्षसभुवनाची लढाई कोणी सांगणार नाही, माधवराव आणि रमाबाई सांगतील, थेऊर सांगतील. 'राऊ' तर सरळसरळ प्रेमकथाच आहे, बाजीराव आणि मस्तानी. मस्तानीबद्दल कागदोपत्री जे मिळतं ते इतकं थोडं आहे की तिच्या मनात काय चाललं होतं हे लिहायचं म्हणजे ना. सं. इनामदारांना ते स्वतःच्या पोटातूनच काढायला लागलं असणार, आणि त्यांनी ते काढलं म्हणूनच लोक केळकर संग्रहालयात जाऊन कोथरूडहून हलवून आणलेल्या त्या मस्तानी महालासमोर उभे राहतात तेव्हा त्यांच्या डोक्यात इनामदारांची मस्तानी असते. याला मी रोमान्सची ताकद म्हणते. पण हे असं म्हटलं की लोकांना राग येतो, जणू मी पेशव्यांचा अपमान केला.

यापेक्षा मोठा नमुना महाभारताचा. लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्थेत १९१९ पासून लोक बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून बघत बसले होते, कुठला श्लोक जुना, कुठला मागून घुसवलेला, आणि १९६६ मध्ये ते चिकित्सक आवृत्तीचं काम पुरं झालं. जवळपास अर्धं शतक. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी 'मृत्युंजय' आली. कोण जिंकलं? अर्थात 'मृत्युंजय'. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत द्रौपदी भर स्वयंवरात कर्णाला "सूतपुत्राला वरणार नाही" असं म्हणत नाही, ते नंतरची भर म्हणून बाजूला काढलंय, पण हे तुम्ही कुठल्याही लग्नाच्या पंगतीत सांगून बघा, लोक तुमच्या अंगावर येतील. कर्णाच्या बायकोचं नाव वृषाली हे आता महाराष्ट्रात इतकं पक्कं आहे की मूळ महाभारतात त्या बाईचं नावच येत नाही हे ऐकून माणसं गूगल करतात. आणि गंमत अशी की १९६७ मध्येच इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं, त्यात कर्णावरचं प्रकरण आहे, त्याचं नाव 'मी कोण?', आणि त्यात त्यांनी कर्णाला इतकं थंडपणे आणि तरीही इतकं मायेने तपासलंय की वाचून झाल्यावर बराच वेळ काही दुसरं वाचवत नाही. ते पुस्तकही गाजलं, नाही असं नाही. पण मनातला कर्ण सावंतांचाच राहिला.

मला यात सावंतांचा दोष अजिबात दिसत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून गोष्ट सांगायची ही कादंबरीकाराची कारागिरी आहे, एकच गोष्ट प्रत्येकाला वेगळी दिसते हे त्यातून कळतं. म्हणजे लेखक पानोपानी ओरडून सांगतोय की बाबांनो ही एकेकाची बाजू आहे, आणि आपण ती बाजू उचलून थेट सत्य म्हणून घरी नेतो. दोष वाचण्यात आहे.

आणि हे फक्त वाचण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. या शहरात या गोंधळाची किंमत मोजली गेली आहे. जानेवारी २००४ मध्ये त्याच भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटं उलथली, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली, कारण काय तर एका परदेशी अभ्यासकाच्या इतिहासाच्या पुस्तकातला मजकूर, आणि त्याने आभार मानताना या संस्थेचं नाव घेतलं होतं. त्या पुस्तकातला तो मजकूर मलाही पटत नाही, पण मुद्दा तो नाहीये. मुद्दा असा की कागदात जेवढं आहे तेवढंच सांगणारा माणूस आपल्याकडे जीव मुठीत धरून बोलतो, आणि कागदात जे नाही ते चारशे पानं सांगणाऱ्याला आपण शाल-श्रीफळ देतो, आणि या दोन माणसांतला फरक आपल्याला कळत नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, राजवाड्यांनी उभं केलेलं. त्याच राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा बखरींवर किती विसंबायचं यावर कडक लिहिलं होतं, आणि आपल्या कादंबऱ्या आणि टूर गाईड दोघंही अजून बखरींवरच जगतात. 'ध'चा 'मा' झाला की नाही कोणाला ठाऊक, पण १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला हे मात्र खरं. आणि पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून "काका मला वाचवा" ऐकू येतं हे तर सरळ फॅन्टसी आहे, पुणेकरांची सगळ्यात लाडकी फॅन्टसी, फक्त तिला आपण फॅन्टसी म्हणत नाही. आमच्याकडे भुतंसुद्धा ऐतिहासिकच लागतात.

सिनेमा आला की हे सगळं दसपट होतं. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात म्हणून गदारोळ, पुण्यात शो अडवले गेले. २०२५ च्या सुरुवातीला 'छावा' कादंबरीवरच्या सिनेमाचा ट्रेलर आला त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून इतका आरडाओरडा झाला की दिग्दर्शकाने ते दृश्यच काढलं. लेझीम गेलं, ठीक, पण बाकीचे प्रसंग, संवाद, कोणाच्या मनात काय होतं, कोणी कोणाला कुठल्या शब्दांत फितवलं, हे जे १९७९ च्या कादंबरीतून आणि पटकथेतून आलं ते कोणी विचारलं? शिर्के घराण्यातल्या लोकांनी विचारलं, कारण त्यांच्या पूर्वजांना फितूर दाखवलं होतं. त्यांचा राग मला समजू शकतो, उद्या माझ्या आडनावाच्या माणसाला पडद्यावर कोणी खलनायक केलं आणि शेजारी कोपऱ्यावर भेटल्यावर त्यावरून बोलायला लागले तर मलाही लागेल. पण तो राग योग्य पत्त्यावर जायला हवा असेल तर आधी हे मान्य करायला लागेल ना की पडद्यावर जे चाललंय ते एका लेखकाने रचलेलं आहे. ते मान्य करायला दोन्हीकडचे तयार नाहीत. बनवणाऱ्यांना "सत्य इतिहास" म्हणून तिकीट विकायचंय आणि चिडणाऱ्यांना सत्य इतिहास म्हणूनच चिडायचंय.

आता याचा कादंबरीवर काय परिणाम होतो. होतो असा की लेखक घाबरून जातो. नायकाला शंका येत नाही, त्याचं चुकत नाही, त्याला घाम येतो तो फक्त रणांगणावर. मग उरते ती पोथी. मी अशा कितीतरी कादंबऱ्या शंभरेक पानांवर सोडल्यात ज्यात प्रत्येक माणूस प्रवेश करताना मुजरा करतो आणि बोलताना भाषण करतो. बाई पदर सावरते, डोळे पाणावतात, भुवया उंचावतात, पण कोणाचं पोट बिघडत नाही आणि कोणाला पैशाची चिंता नाही. पैशाचं तर मला खास आश्चर्य वाटतं. बाजीरावांच्या पत्रांत सावकारांचा केवढा धसका आहे, ब्रह्मेंद्रस्वामींना ते जे लिहितात त्यात सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली अशा अर्थाचं रडगाणं आहे, अख्ख्या हिंदुस्थानात ज्याच्या घोड्यांचा दरारा तो माणूस घरी हप्त्यांनी हैराण. यापेक्षा चांगलं पात्र कुठे मिळणार आहे? पण आपल्याला घोडा हवा, हप्ता नको.

फॅन्टसीवाले इथेच बाजी मारतात, आणि ज्यांनी ती वाचलेलीच नाही त्यांना हे सांगून पटत नाही. त्यांना वाटतं की ड्रॅगन आला म्हणजे काहीही चालतं. अहो, उलटं आहे. फॅन्टसीचा वाचक ड्रॅगन लगेच मान्य करतो पण चार दिवसांच्या वाटेवरचं सैन्य रात्रीत पोचलं की पुस्तक भिरकावतो. टॉल्किनने १९५४-५५ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही जी तीन भागांत गोष्ट छापली तिच्यामागे वंशावळी, कॅलेंडरं, लिप्या, भाषा अशी शेवटी परिशिष्टंच्या परिशिष्टं आहेत, सगळी काल्पनिक आणि सगळी एकमेकांशी जुळणारी. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनने तर त्यालाही टोकलं, की राजा शहाणा होता म्हणून सुखाने राज्य केलं हे ठीक, पण त्याचं कराचं धोरण काय होतं? हा प्रश्न मला फार आवडतो. हा प्रश्न आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना विचारून बघा. चौथ-सरदेशमुखीचे पैसे कोण गोळा करायचं, पाऊस नाही पडला तर गावाचं काय व्हायचं, ते गाव कादंबरीत आहे का तरी? विश्वास पाटलांची १९८८ ची 'पानिपत' मला म्हणूनच बाकीच्यांपेक्षा खूप वर वाटते, तिच्यात दाणागोटा आहे, वैरण आहे, उपासमार आहे, बाजारबुणगे आणि यात्रेकरू सोबत घेऊन निघालेलं लष्कर कसं आतून खचत जातं ते आहे. तिथे हरणं हे कोणा एकाच्या फितुरीने नाही तर रिकाम्या पोटांनी घडतं. वाचताना तुम्हाला शेवट माहितेय, १४ जानेवारी १७६१, तरीही तुम्ही मनात म्हणत राहता की आता तरी रसद येऊ दे.

बाहेर असं लिहिणाऱ्याला केवढी मोकळीक असते बघा. हिलरी मँटेलने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या थॉमस क्रॉमवेलवर लिहिलं, ज्या माणसाला त्यांच्याकडे बराच काळ खलनायक समजत होते, त्याला आतून लिहिलं, २००९ मध्ये बुकर मिळालं आणि पुढच्या भागाला २०१२ मध्ये परत मिळालं. वाद झालेच, इतिहासकारांनी टीका केली, पण लेखांतून केली. आपल्याकडे राघोबादादावर किंवा आनंदीबाईंवर कोणी तसं आतून लिहायला बसलं तर आधी वकील बघून ठेवावा लागेल.

मग मराठीत फॅन्टसी का नाही, म्हणजे मोठी, मोठ्यांसाठीची, जाडजूड? होती की. नारायण धारप पुण्यातच बसून लिहीत होते, आणि त्यांचं निम्मं लिखाण मी फॅन्टसीत धरते, पण आपण त्यांना "भयकथा" म्हणून लायब्ररीच्या खालच्या फळीत टाकलं, जिथली पुस्तकं कोपरे दुमडलेली आणि चहाचे डाग पडलेली असतात (म्हणजे सगळ्यात जास्त वाचलेली असतात, हेही कोणाच्या लक्षात येत नाही). २०१८ मध्ये 'तुंबाड' सिनेमा आला आणि त्याच्या मुळाशी धारपांच्या 'आजी' कथेचा धागा आहे हे कळल्यावर मग सगळ्यांना एकदम धारप आठवले. दुसरं कारण मला असं वाटतं की आपला सगळा अद्भुताचा साठा पुराणांत आहे, आणि पुराणांना हात लावला की पुन्हा तेच, भावना. त्यामुळे लेखक एक तर पुराण जसंच्या तसं भक्तिभावाने सांगतो नाहीतर त्या वाटेला जातच नाही. नवीन देव, नवीन राज्य, नवीन नकाशा असं काही मांडायला जी मस्ती लागते ती आपल्याकडे येईपर्यंत पोरं इंग्रजीत निघून गेलेली असतात. फास्टर फेणे वाचणारं मूल तेरा-चौदाव्या वर्षी थेट 'मृत्युंजय'वर उडी मारतं, मधे मराठीत त्याच्यासाठी फार काही नाही. जे उडी मारत नाही ते एफसी रोडवरच्या फूटपाथवरून ड्रॅगनवालं इंग्रजी पुस्तक उचलतं, आणि मग त्याच्या आईवडलांनी म्हणायचं की हल्लीची मुलं मराठी वाचत नाहीत.

रोमान्सचं काय. रोमान्सवर सगळ्यात जास्त आक्षेप हा की शेवट आधीच माहीत असतो. बरं मग? डिटेक्टिव्ह गोष्टीत खुनी सापडणार हे माहीत नसतं का? आणि पानिपतचा शेवट कोणाला माहीत नाही? प्रश्न पोचण्याचा नसतोच, कसे पोचतात त्याचा असतो. आणि जोखमीचं म्हणाल तर मराठीत शृंगार लिहिणाऱ्यानेही कोर्ट बघितलंय. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' नावाची कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड केला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द करून सांगितलं की यात अश्लील काही नाही. पंचवीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत गेला हा माणूस. काकोडकर आज कोणी वाचत नाही, त्यांच्यावर चर्चासत्र कोणी घेत नाही, पण लिहिण्याच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना त्यांचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

मला रोमान्समधलं सगळंच आवडतं असं नाही, आणि माझे आक्षेप ऐकायला सौम्य नाहीत. ना. सी. फडक्यांची वाक्यं आजही गुळगुळीत वाटतात, पण त्यांच्या नायक-नायिकांना टेनिस खेळायला जेवढा वेळ असतो तेवढा कपडे वाळत घालायला कधीच नसतो. हल्ली मोबाईल ॲपवर मराठीत भाग-भाग करून ज्या प्रेमकथा येतात त्या मी बऱ्याच वाचते, मेट्रोत बायका वाचताना दिसतात, आणि हे मराठी वाचन कोणी मोजत नाही, कुठल्या पुरस्काराच्या यादीत ते नाही. पण त्यातला तो खडूस बॉस! करोडपती, गर्विष्ठ, घरच्यांच्या दबावाने लग्न केलेला, नायिकेचं मनगट पकडून भिंतीशी दाबणारा, आणि साठाव्या भागात कळतं की लहानपणी त्याच्यावर अन्याय झाला होता म्हणून तो असा. हे मला सहन होत नाही. प्रत्यक्षात असा माणूस ऑफिसात असेल तर त्याच्यावर तक्रार करायला समिती असते. इंग्रजीतल्या नव्या रोमँटसीतही, म्हणजे रोमान्स आणि फॅन्टसीच्या मिश्रणातही, हाच प्रॉब्लेम, पंख लावले, कान टोकदार केले, वय पाचशे वर्षं सांगितलं, पण वागणं तेच हिंजवडीतल्या टॉक्सिक मॅनेजरचं. आणि जग उभं करायचा कंटाळा, नकाशा पहिल्या पानावर छापायचा आणि मग पाचशे पानं दोनच खोल्यांत काढायची.

तरीही मी म्हणेन की आजच्या पुण्यातली सगळ्यात अवघड कादंबरी रोमान्सचीच आहे. दोन वेगळ्या जातींची मुलं, एक नगरहून आलेला, एक सहकारनगरात वाढलेली, दोघांच्या पगारात वाकडला वन बीएचकेचं कर्ज बसतं का याचा हिशोब, तिच्या घरी सांगायचं कोणी आणि त्याच्या गावी सांगितल्यावर काय होईल, यात लढाईपेक्षा कमी धोका नाहीये. वर्तमानपत्र उघडलं की दिसतं. पण हे लिहिलं तर "प्रेमप्रकरण" म्हणून खालच्या फळीत आणि हेच पेशवाईत नेऊन ठेवलं तर साहित्य.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं की अगं, जाडजूड इतिहास सामान्य माणूस वाचत नाही, कादंबरीमुळे निदान गोडी तरी लागते. अर्धं मान्य. ट्रेकला जाणारी कितीतरी मुलं गोनीदांच्या पुस्तकांमुळे गडांवर जायला लागली आणि त्यातली काही पुढे मेहेंदळ्यांच्या 'श्री राजा शिवछत्रपती'च्या त्या अवाढव्य खंडांपर्यंत पोचली, तळटिपा वाचायला लागली, मला अशी मुलं माहीत आहेत. पण बहुतेकांचं तसं होत नाही, बहुतेकांना कादंबरी वाचल्यावर वाटतं की झाला इतिहास वाचून. दरवाजा म्हणून जी गोष्ट दाखवली तिथेच लोक संसार थाटतात.

त्यामुळे माझी मागणी एकच आहे आणि ती साधी आहे. प्रत्येक ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीच्या शेवटी लेखकाने दोन पानांची टीप द्यावी. कुठली पात्रं मी निर्माण केली, कुठल्या तारखा मागेपुढे सरकवल्या, कुठलं पत्र खरं आहे आणि कुठलं मी लिहिलंय, कुठे कागद नव्हता म्हणून मी कल्पना केली. कायदा नको, सेन्सॉर तर मुळीच नको, वाचकांनीच मागायची. वॉल्टर स्कॉटने, ज्याला या प्रकाराचा आजोबाच म्हणतात, त्याने आपल्या कादंबऱ्यांच्या नंतरच्या आवृत्त्यांना अशा टिपा जोडल्याच होत्या. आणि आपल्याकडे तर याहून भारी गोष्ट होऊन गेलीये, 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचं ते लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून छापलंय, ज्यात ते शिवाजीमहाराजांकडे इतिहास म्हणून कसं बघायचं, कुठे अडचणी आहेत, हे लेखकाला स्पष्टपणे सांगतात, आणि रणजित देसाईंनी ते आपल्याच कादंबरीच्या तोंडाशी छापू दिलं. १९६८ मध्ये! लेखकाचा केवढा मोठेपणा आहे हा. माझ्या ओळखीत अनेक जण अभिमानाने सांगतात की ते ही प्रस्तावना सोडून थेट कादंबरी सुरू करतात.

टीप दिली की जादू जाते असं म्हणणाऱ्यांनी एकदा फॅन्टसी वाचणाऱ्या कोणाला तरी विचारावं. पहिल्या पानावर नकाशा असतो, त्यातलं एकही गाव पृथ्वीवर नाही हे त्याला माहीत असतं, आणि तरी सहाशेव्या पानावर एक म्हातारा घोडा मरतो तेव्हा तो ढसाढसा रडतो. खोटं आहे हे माहीत असूनही रडता येतं, किंबहुना ते माहीत असतं म्हणूनच मोकळेपणाने रडता येतं, कारण तिथे कोणाच्या बाजूने पुरावा द्यायचा नसतो.

फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरमध्ये पुस्तक महोत्सव भरतो तिथे एका स्टॉलवर मी ही टिपेची गोष्ट काढली, तर तिथले गृहस्थ म्हणाले, ताई, कागदाचे भाव बघा, पानं वाढवली की किंमत वाढते. समोर त्यांचीच सातशे पानी कादंबरी होती, मी उभ्या उभ्या चाळली. पहिल्या पन्नास पानांत सूर्य दोनदा उगवला होता आणि चारदा मावळला होता, प्रत्येक वेळी एक एक परिच्छेद. दोन पानं तिथूनच निघतील.